बसलेली माणसं

अकरा वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला मी अजून उत्तर दिलेलं नाही. पत्र लांब नव्हतं. वहीच्या एका पाठपोट कागदावर मावलेलं, निळ्या शाईतलं, ओळी उजवीकडे किंचित वर चढत गेलेल्या. लिहिणारी बाई कपडे शिवायची. ती मला ओळखत नव्हती, मी तिला ओळखत नव्हतो, आणि पाकिटावर माझं नावही नव्हतं. ‘फुटबॉलच्या नव्या स्टेडियमचा नकाशा ज्यांनी काढला त्यांस’ एवढंच लिहिलेलं होतं. आमच्या ऑफिसातल्या टपाल सांभाळणाऱ्या कारकुनाने ते माझ्या टेबलावर टाकलं आणि म्हणाला, "घ्या, चाहत्यांची पत्रं यायला लागली तुम्हाला." मी हसलो. कुणी थट्टा केली की मी आधी हसून घेतो, मग थट्टा काय होती ते पाहतो. पाकीट उघडून मी ते एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचताना पहिल्या परिच्छेदाशीच थांबलो, आणि टेबलावर उघड्या पडलेल्या पुस्तकात खूण म्हणून ठेवून दिलं. तेव्हापासून ते एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जात राहिलं. मी निवृत्त झालो तेव्हा पुस्तकांबरोबर घरी आलं. पत्र मला पाठ आहे. पाठ असलेलं पत्र जपून का ठेवायचं, हे मला सांगता येणार नाही.

तिने लिहिलं होतं : ‘मी व्हीलचेअरवर असते. तुमच्या स्टेडियममध्ये पूर्वेच्या स्टँडला आमच्यासाठी बावीस जागांचा ओटा केला आहे, तिथून पहिली मॅच पाहिली. म्हणजे लोक बसलेले होते तोवर पाहिली. बॉल गोलाजवळ गेला की पुढचे सगळे उभे राहतात आणि मला कोटांच्या पाठी दिसतात. तीन गोल झाले, तिन्ही मी ऐकले. स्टेडियमच्या ऑफिसात विचारलं तर त्यांनी नकाशा काढून दाखवला आणि म्हणाले, बघा, नकाशात तुम्हाला दिसतंय. मी कपडे शिवते. माप घेताना मी माणसाला उभं करते, बसवते, हात वर करायला लावते, कारण नुसतं बसून राहायला कुणी कपडे शिवत नाही. तुम्ही ज्याचं माप घेतलं तो माणूस सगळा वेळ बसलेलाच होता. मला एवढंच विचारायचं आहे. हे तुमच्या लक्षात आलं नव्हतं, की आलं होतं? रागावून विचारत नाही. माझ्याही हातून मापं चुकतात. पण चुकलं की मी सांगते.’ खाली पत्ता.

या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर पुरलं असतं, आणि मी शब्दांचा कंजूस आहे असं कुणी म्हणणार नाही. निदान कागदावर तरी. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही ही गोष्ट वेगळी. लग्नानंतर पहिल्या वर्षी ही मला म्हणाली होती की तुमच्याशी बोलायचं म्हणजे ट्रंक कॉल लावल्यासारखं आहे, लागेपर्यंत माणूस विसरून जातो काय बोलायचं होतं ते. ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. समोरचा एक मिनिट गप्प राहिला की तिला लाइन कट झाल्यासारखी वाटते. तर पहिले काही महिने मी स्वतःशी असं म्हणत होतो की नीट सवडीने लिहू. मग असं, की आता उशीर झाला, उशिराबद्दल आधी काहीतरी लिहावं लागेल. मग असं, की एवढ्या उशिरानंतर लिहिणं हाच तिचा अपमान. प्रत्येक कारण त्या त्या वेळी मला सभ्यपणाचं वाटलं. आता हे सगळं ओळीने लिहून पाहताना दिसतं की हे एकच कारण आहे आणि ते सभ्य नाही.

गेल्या महिन्यापर्यंत हे असं निवांत चाललं होतं. निवांत म्हणजे, छातीत डाव्या बाजूला अधूनमधून काहीतरी आवळायचं, डॉक्टर म्हणायचे गॅस आहे. गावभर स्पर्धेची धामधूम सुरू झाली होती. बत्तीस देशांचे संघ येणार, त्यातले पाच सामने आमच्या स्टेडियममध्ये, त्यामुळे रस्त्यांवर नवे पट्टे मारलेले, खांबांवर झेंडे, आणि केस कापायला गेलं तरी न्हावी कात्री थांबवून विचारणार, "काय आजोबा, कोण जिंकणार?" मी फुटबॉल पाहत नाही. ज्याने स्टेडियम काढलं त्याने एकही सामना पाहिलेला नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. तर एका रविवारी ही पेपर घेऊन आली आणि मधलं पान माझ्यासमोर पसरून म्हणाली, "अहो, ही तुमची माणसं ना?"

पूर्ण दोन पानांवर पूर्वेच्या स्टँडचा छेद छापला होता. छेद म्हणजे, कलिंगड कापून बाजूने पाहावं तसं स्टँड कापून बाजूने काढलेलं चित्र : पायऱ्यांसारख्या चढत जाणाऱ्या रांगा, प्रत्येक रांगेत एक माणूस, आणि प्रत्येक माणसाच्या डोळ्यापासून, पुढच्याच्या डोक्यावरून, थेट मैदानाच्या जवळच्या पांढऱ्या रेषेपर्यंत गेलेली एक तुटक रेघ. ती रेघ पुढच्या डोक्याला न अडता गेली की त्या जागेवरून दिसतं, असं आमच्या धंद्यात धरतात. ऑफिसातले बाकीचे तेव्हाच कॉम्प्युटरवर काढायला लागले होते. पण साहेबांचा हट्ट होता की मुख्य छेद आधी हाताने काढायचा, हाताने काढलेल्या चित्रात चूक लपत नाही. म्हणून तो मी काढला होता, ट्रेसिंग कागदावर, रोट्रिंगच्या पेनाने, अडीच महिने. माणूस काढायची प्रत्येकाची आपली एक ढब असते. माझ्या माणसांची डोकी पूर्ण गोल मिटत नाहीत, मागे एक फट राहते. पेपरात छापलेल्या त्या मुंगीएवढ्या डोक्यांतल्या फटी मी ओळखल्या. वर मोठ्या अक्षरांत मथळा होता : ‘इथे प्रत्येक जागेला दिसतं.’

"सगळी परीक्षेला बसल्यासारखी दिसतायत," ही म्हणाली. "एकाच्याही तोंडावर आनंद नाही."

"तोंडं काढलेलीच नाहीत."

"तेच म्हणतेय मी."

ती आत गेली आणि मी भिंग आणलं. चौतिसाव्या रांगेच्या वर, रांगांच्या मधोमध तो ओटा होता. त्यावर चाक असलेली खुर्ची, खुर्चीत बसलेलं एक न मिटलेलं डोकं, आणि त्याच्या डोळ्यातून निघालेली रेघ पुढच्या बसलेल्या माणसावरून छान सरळ गवतापर्यंत पोचलेली. मी भिंग त्या पुढच्या माणसावर धरलं. त्याच्या डोक्यावर कागद जरासा करडा छापला गेला होता. छपाईतला डाग कुणीही म्हटलं असतं. माझ्या हाताला मात्र ब्लेड आठवलं.

त्या दुपारी काय झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि लिहितानाही मला खात्री नाही की ते असंच झालं, की मी ते इतक्या वेळा आठवलंय की आता त्याचाही नकाशाच झालाय. ऑफिसच्या हॉलमध्ये कुणाच्या तरी रेडिओवर सामना लागला होता, कुठला ते मला माहीत नाही. मी नेहमीसारखा खाली मान घालून. अचानक निवेदकाचा आवाज चढला आणि हॉलमधले सगळे उंच स्टुलांवरून एकदम उठले, टेबलांवर हात आपटत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. मी बसून राहिलो. यात कौतुकाचं काही नाही, मला कळलंच नाही कशासाठी उठायचं ते. मला भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते बघायचं होतं आणि घड्याळ दिसेना. शर्टांच्या पाठी दिसत होत्या. घामाने ओली झालेली एक, शाईचा डाग असलेली एक. बस, एवढंच. मग ते बसले, घड्याळ दिसायला लागलं, आणि मी पेन उचलून, का कुणास ठाऊक, ओट्याच्या पुढच्या रांगेतल्या माणसाला उभं केलं. हात वर केलेला एक लहानसा माणूस. जवळजवळ गंमत म्हणून. खुर्चीतल्या डोळ्यापासून निघालेली रेघ त्याच्या दोन खांद्यांच्या मधे जाऊन थांबली.

मी हिशेब केला. ओटा पस्तीस सेंटिमीटर उंच करायला हवा होता. दीड वीत. मी आपला तळहात कागदाशेजारी टेबलावर पसरून पाहिला, एक वीत आणि वर अर्धी. पण ओटा उंच केला की त्याच्या मागच्या दोन रांगांना दिसेना, त्या काढाव्या लागल्या असत्या. साठ-साठ खुर्च्यांच्या दोन रांगा. स्टेडियमच्या एकूण जागा होत्या चाळीस हजार एकशे बारा. जगातली मोठी स्पर्धा भरवायची तर निदान चाळीस हजार जागा लागतात, आणि ती स्पर्धा कधीतरी इथे यावी यासाठीच हे सगळं बांधलं जात होतं. एकशे बारातून एकशे वीस गेले. एकोणचाळीस हजार नऊशे ब्याण्णव. आठ कमी. मी तीनदा वजाबाकी केली, आकडा बदलला तर बरं अशा आशेने. मग कागद गुंडाळून साहेबांच्या केबिनशी गेलो. साहेब फोनवर होते, तीन दिवसांनी पायाचं काँक्रीट पडणार होतं, कपाळाला आठ्या. फोनवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "काय रे?" माझ्याकडे वाक्य तयार होतं. वाटेत चार वेळा घोकलेलं. मी म्हणालो, "काही नाही साहेब, नंतर येतो." आणि नंतर गेलो नाही. टेबलाशी येऊन ब्लेड काढलं, ट्रेसिंग कागदावरची शाई खरवडायला आम्ही वापरायचो तसलं, आणि त्या उभ्या माणसाला हळूहळू खरवडून काढलं. मग त्याच जागी त्याला पुन्हा बसवलं. संध्याकाळी साहेबांनी सही केली. साहेबांची काही चूक नाही. त्यांनी जे पाहिलं त्यात सगळे बसलेलेच होते.

पेपर आला त्यानंतर माझी झोप उडाली, अन्न नकोसं झालं. पहिल्या सामन्याला एकोणतीस दिवस होते. त्या बावीस जागांवर कुठून कुठून लोक येणार, काही समुद्र ओलांडून, आयुष्यात एकदाच. आणि ते कोटांच्या पाठी बघणार. तक्रार केली तर त्यांना तो छेद दाखवणार. नकाशात तुम्हाला दिसतंय. माझी रेघ दाखवून. दुसऱ्या बाजूने वाटायचं, अकरा वर्षांत दुसरं कुणाचं पत्र आलं का? कदाचित तिचीच खुर्ची बुटकी असेल. कदाचित माझीच वजाबाकी चुकली असेल. मी भित्रा आहे हे मला मान्य होतं. पण मी बरोबर आहे याची खात्री नव्हती, आणि या खात्री नसण्याच्या आड मी फार आरामात बसलो होतो. अशात पेपरातच बातमी आली की स्पर्धेच्या आधी स्टँड पूर्ण भरून पाहायचे आहेत, शनिवारी दुपारी सरावाचा सामना आहे, गावकऱ्यांनी यावं, प्रवेश सर्वांना. मी माळ्यावरून घडीचं बुटकं स्टूल काढलं, त्यावर बसून टेपने जमिनीपासून डोळ्यापर्यंत माप घेतलं. एकशे सतरा सेंटिमीटर. व्हीलचेअरवरच्या माणसाचा डोळा साधारण तितक्यावरच येतो. ही दारात उभी होती.

"कुठे निघालात स्टूल घेऊन? मासे धरायला?"

"फुटबॉल बघायला."

तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

स्टूल घेऊन आत सोडण्यावरून गेटवर थोडा घोळ झाला. माझी पाठ दुखते असं मी सांगितलं, ते खरंच होतं. आत गेल्यावर मात्र काही विचारावं लागलं नाही. प्रत्येक वळण मी काढलेलं होतं. बोगद्यासारख्या वाटेतून चौदा पायऱ्यांऐवजी डावीकडचा उतार, मग दार, मग एकदम उजेड. मैदान इतकं हिरवं असेल असं मला वाटलं नव्हतं. माझ्या कागदावर ते एक रेघ होतं. चाळीस हजार माणसांचा आवाज कागदावर नव्हता. पायांखालचं काँक्रीट बारीक थरथरत होतं, आणि मला उगाच वाटलं की ते मला ओळखून थरथरतंय. ओट्यावर सातआठ व्हीलचेअरी होत्या. मी शेवटच्या खुर्चीच्या पलीकडे स्टूल मांडून बसलो. लगेच नारिंगी जाकिटातली एक बाई आली.

"आजोबा, ही जागा व्हीलचेअरवाल्यांची आहे. तुमची सीट कुठली?"

गेटवर दिलेलं तिकीट मी खिशात शोधू लागलो. खिसा सापडेना. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतला माणूस म्हणाला, "असू द्या हो ताई, माझ्याबरोबर आहेत. सोबत्याची जागा रिकामीच आहे माझी, बायको माहेरी गेलीय." ती गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, "बायको माहेरी नाही गेली. तिला फुटबॉलचा तिटकारा आहे. बसा मास्तर."

मी मास्तर नाही हे मी सांगितलं नाही. तो घड्याळं दुरुस्त करायचा. गळ्यात दोरीला अडकवलेलं एका डोळ्याचं भिंग अजून लटकत होतं, काढायचं विसरला असावा. साठीचा असेल. पायांवर पांघरूण, तोंडात सतत काहीतरी बोलणं. सामना सुरू झाला आणि पहिली वीसेक मिनिटं मला सगळं मैदान दिसत होतं, जवळची पांढरी रेषसुद्धा, आणि मला, सांगायला लाज वाटते, आनंद झाला. रेघा बरोबर होत्या. एकेक डोकं जिथे ठेवलं होतं तिथेच होतं. वाटलं, उठून घरी जावं, हिला सांगावं, तिला लिहावं, बाई, तुमची खुर्ची बुटकी होती. तेवढ्यात डावीकडून एकजण बॉल घेऊन पळत सुटला, आवाज चढू लागला, खालून वर येणाऱ्या पाण्यासारखा, आणि पुढची रांग उठली. पाठी. निळं जाकीट, तपकिरी कोट, कोटाची शिवण खांद्यापाशी उसवलेली. त्या शिवणीपलीकडे कुठेतरी चाळीस हजार माणसं श्वास रोखून काहीतरी बघत होती. आणि मी उभा राहिलो.

मी उभं राहायचं ठरवलं नव्हतं. मला तर तिथे बसून राहायचं होतं, त्यासाठीच घरून स्टूल उचलून आणलं होतं, माप घेतलं होतं. पण गुडघ्यांनी विचारलं नाही. मला गोल दिसला. आयुष्यात पाहिलेला पहिला गोल : जाळीचा फुगलेला कोपरा, जमिनीवर पडून राहिलेला गोलकीपर. माझ्या तोंडातून काहीतरी ओरडणं निघालं, शब्द नव्हता. मग मला खाली शेजारी घड्याळजीचा चेहरा दिसला. तो मैदानाकडे बघत नव्हता, तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं त्याला. तो मान वर करून माझ्याकडे बघत होता, माझ्या तोंडावरून काय झालं ते वाचायला.

"गेला?" त्याने विचारलं.

"गेला," मी म्हणालो आणि बसलो.

"कुणी मारला?"

मला ते माहीत नव्हतं. दिसणाऱ्यालाही माहीत नव्हतं. "सात नंबर," पलीकडच्या व्हीलचेअरवरच्या मुलीने फोनवर बघून सांगितलं.

"असंच असतं," घड्याळजी म्हणाला, समजूत घालावी तसं. "निम्मी मॅच बघायची, निम्मी विचारायची. सवय होते. अहो, तुम्ही एवढे घामाघूम का झालात? पाणी घ्या. आमच्यात एक शिवणवाल्या बाई यायच्या. त्यांना नाही झाली सवय. त्या म्हणायच्या, मी घरी रेडिओ ऐकते, इथे येऊन तेच ऐकायचं तर निदान घरी चहा तरी मिळतो. गेली आठ-नऊ वर्षं आल्या नाहीत."

"त्या," मी म्हणालो, "त्या आहेत अजून?"

"आहेत म्हणजे? चांगल्या खणखणीत आहेत. हे पांघरूण त्यांनीच शिवलंय. त्याच घरात, त्याच मशिनीवर. तुम्ही ओळखता?"

"नाही. ऐकून होतो."

"फार डोकेबाज बाई. ज्याने हे काढलं ना, त्यालाच पत्र टाकलं होतं त्यांनी. आम्ही हसलो. मी म्हटलं, ताई, असली माणसं उत्तरं देत नसतात. तर म्हणे, देईल, माप घेणारा माणूस आहे, त्याला राहवणार नाही. वर्षभर पोस्टमनला विचारत होत्या. मेला असेल बिचारा."

"नाही," मी म्हणालो.

"काय नाही?"

"मेला नाही तो."

घड्याळजीने माझ्याकडे पाहिलं. मोठा आवाज झाला, पुन्हा पाठी उठल्या, पुन्हा बसल्या, या वेळी मी स्टुलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसून राहिलो. तो बघतच होता. बारीक वस्तू बघायची सवय असलेला माणूस. "ओळखीचा आहे तुमच्या?" त्याने विचारलं.

"एका ऑफिसात होतो," मी म्हणालो. यातला शब्दन् शब्द खरा होता, आणि मी इतकं खोटं आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

"मग सांगा त्याला," तो म्हणाला. "रागावलेलं कुणी नाही. पण पाहुणे यायच्या आत काहीतरी करा म्हणावं. आम्ही ऑफिसात गेलो की ते चित्र काढून दाखवतात. चित्राशी कोण भांडणार?"

मध्यंतरात मी निघालो. स्टूल तिथेच राहिलं.

घरी येऊन मी लिहायला बसलो आणि चार दिवस लिहीत होतो. पहिल्या मसुद्यात मी दृष्टिरेषा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. दुसऱ्यात माझा स्वभाव, लहानपणापासून. तिसऱ्यात काँक्रीटची तारीख, साहेबांच्या आठ्या, चाळीस हजारांचा आकडा. ते वाचलं तर कुणालाही वाटलं असतं की या माणसाने दुसरं काय करायचं होतं. माझी वाक्यं चांगली होती, तीच अडचण होती. प्रत्येक वेळी मी त्या एका शब्दापाशी यायचो आणि त्याच्या पुढे काहीतरी उभं राहायचं, ‘बहुधा’ किंवा ‘एका अर्थी’. आणि खाली, या सगळ्याच्या खाली, खरी भीती बसलेली. हे पत्र ती स्टेडियमच्या ऑफिसात नेणार, ते पेपरात जाणार. न्हावी कात्री थांबवून बघणार. मला सांगण्यासारखं आयुष्यात एकच होतं, की ते स्टेडियम मी काढलं. कुणाला कधी सांगितलं नाही, पण सांगता आलं असतं. ते जाणार. चौथ्या दिवशी दुपारी ही माझ्या समोर येऊन बसली, सगळे कागद स्वतःकडे ओढले, आणि चष्मा लावून वाचू लागली. मी अडवलं नाही. मग तिच्या हातात ते मूळ पत्रही दिलं. तिने ते पाठपोट दोनदा वाचलं.

"अकरा वर्षं," ती म्हणाली. "आणि मी तुम्हाला गॅसच्या गोळ्या देतेय."

"तुला सांगणार होतो."

"माझं जाऊ द्या. तिने काय विचारलंय? लक्षात आलं होतं का नव्हतं. आणि हे काय? नऊ पानं. अहो, लाइनवर बाई ताटकळलीय आणि तुम्ही घंटी कशी वाजते ते समजावताय."

"लिहिलं की सगळ्यांना कळेल."

"कळेल."

"लोक म्हणतील, माहीत असून—"

"म्हणतील. खरंच आहे ते." ती कागद परत माझ्याकडे सारत म्हणाली. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या, वय झालं, त्रास करून घेऊ नका. मी त्याची वाट बघत होतो, हेही मला तेव्हाच कळलं. "मला एक सांगा," ती म्हणाली, "आता ते दुरुस्त होतं का? का नुसतं मन मोकळं करायला लिहिताय?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. चार दिवस मी माझ्याबद्दल लिहीत होतो. मी नवा कागद घेतला, पट्टी घेतली, आणि अकरा वर्षांत, नव्हे त्याही आधीपासून पहिल्यांदा, त्या ओट्याकडे काढायचं काम म्हणून पाहिलं. काँक्रीट तोडायला नको होतं. वर लाकडी फळ्यांचा ओटा, पस्तीस सेंटिमीटर उंच, लोखंडी चौकटीवर. वाटेकडून चढायला चार मीटर वीस सेंटिमीटरचा उतार, वाट तेवढी रुंद आहे. मागच्या दोन रांगा बंद. एकशे वीस खुर्च्या. या स्पर्धेत कॅमेऱ्यांसाठी आणि पत्रकारांसाठी ते तशाही हजारो काढणार आहेत, आठांचं आता कुणाला काही नाही. सुतार आणि फिटर मिळून पाच दिवसांचं काम. तासाभरात चित्र झालं. पुढच्या रांगेतला माणूस मी उभा काढला, हात वर केलेला, आणि रेघ त्याच्या डोक्यावरून गेली. मग पत्र लिहिलं, एका बैठकीत, एका पानाचं.

‘ताई, लक्षात आलं होतं. मी पुढचा माणूस उभा काढला होता, तुम्हाला दिसत नाही हे पाहिलं, आणि तो ब्लेडने खोडला. कुणाला सांगितलं नाही. साहेबांनाही माहीत नव्हतं. मूळ कागद आमच्या जुन्या ऑफिसात आहे, क्रमांक पूर्व-सतरा. उजेडासमोर धरला की चौतिसाव्या रांगेवर खरवडलेलं दिसेल. सोबत दुरुस्तीचं चित्र जोडतो. हे पत्र तुम्ही कुणालाही दाखवा. ते म्हणतील नकाशात दिसतं, तर मला बोलवा, ज्याने काढला तो सांगेल की दिसत नाही. पहिल्या सामन्याला वीस दिवस आहेत, काम पाच दिवसांचं आहे. उत्तराला उशीर झाला. त्याचं कारण चांगलं नाही, म्हणून लिहीत नाही.’

सही केली तर अक्षर माझं वाटेना, पण पुन्हा लिहायला घेतलं असतं तर मी स्वतःला ओळखतो. ही म्हणाली, "मी येऊ बरोबर?" मी नको म्हणालो आणि वळणावर जाईपर्यंत पस्तावलो. कोपऱ्यावरच्या पेटीत टाकणार होतो. पेटीच्या फटीत पाकीट अर्धं गेलं आणि मला दिसलं की ते कुठेतरी हरवेल, आणि हरवलं तर मला बरंच वाटेल. म्हणून ओढून काढलं आणि पोस्टात गेलो, रजिस्टर करायला. रांगेत माझ्यापुढे सहा माणसं होती. तीनदा वाटलं की पत्त्यात काहीतरी राहिलंय, घरी जाऊन पाहावं. माझ्या मागे एक बाई पार्सल घेऊन उभी होती, तिच्या मागे कॉलेजातली दोन मुलं स्पर्धेचे शर्ट घालून. काचेपलीकडच्या पोस्टाच्या बाईने पाकीट उलटंपालटं करून पाहिलं.

"पाठवणाऱ्याचं नाव लिहिलेलं नाही."

मी पेन काढायला खिशात हात घातला. "सांगा तुम्ही, मी लिहिते," ती म्हणाली. "मागे लाइन आहे."

मी नाव सांगितलं.

"ऐकू येत नाही, आजोबा. काचेच्या जवळ या. मोठ्याने."

मी काचेच्या भोकाशी तोंड नेलं आणि मोठ्याने नाव सांगितलं, गरजेपेक्षा जरा जास्तच मोठ्याने, कारण त्या दोन मुलांनी बोलणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. तिने ते डावीकडच्या कोपऱ्यात लिहिलं, मला वाचून दाखवलं, मी हो म्हणालो. तिने दोनदा शिक्का मारला आणि पाकीट मागे न बघता पाठीमागच्या पोत्यात टाकलं.